शाळेचा इतिहास लिहिताना गटात कोण नाही, ते आधी बघा

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आमच्या माध्यमिक शाळेला पुढच्या वर्षी ७५ वर्षं पूर्ण होतायत. आम्ही माजी विद्यार्थ्यांनी शाळेचा इतिहास लिहून पुस्तक काढायचं ठरवलं आणि संपादनाची जबाबदारी माझ्याकडे आली. सुरुवातीला सगळे हौसेनं पुढे आले. आता मात्र काही सुचेनासं झालंय. लेख ढिगानं येतायत, पण सगळ्यांत तेच : आमच्या वेळची शिस्त, आमच्या वेळचे शिक्षक, ते सोनेरी दिवस. प्रत्येक बॅचला वाटतं, शाळा खरी होती ती आमच्याच वेळी. अनेकांच्या आवडत्या एका मुख्याध्यापकांच्या कारकिर्दीत काही मुलांना शाळेतून काढून टाकलं होतं. ते प्रकरण पुस्तकात घ्यायचं की नाही, यावरून गटात उघड दोन तट पडलेत. सर्वांत मोठी देणगी देणाऱ्यांना त्यांच्या वडिलांवर स्वतंत्र प्रकरण हवंय. आणि कुणाच्या लेखातला एक शब्द बदलला तरी रुसवे-फुगवे. हे सगळे माझे शाळासोबती आहेत. पुस्तकही चांगलं व्हावं आणि मैत्रीही टिकावी, असं वाटतं. काय करू?

— एक माजी विद्यार्थिनी

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र वाचून आधी हेच सांगावंसं वाटलं की हे काम सोडू नका. विद्यापीठांचे, मोठ्या संस्थांचे इतिहास कुणी ना कुणी लिहितं. शाळेचा इतिहास माजी विद्यार्थ्यांनी लिहिला नाही तर बहुधा कुणीच लिहीत नाही. जुन्या नोंदवह्या कपाटात पडून असतात. इमारतीची डागडुजी निघाली, कार्यालय दुसऱ्या खोलीत गेलं, की त्यातल्या निम्म्या रद्दीत जातात. आणि ज्यांना खरं काही माहीत असतं, त्यांचं वय थांबत नाही.

तुमच्या गटातली बरीचशी भांडणं एका न विचारलेल्या प्रश्नातून आलेली दिसतात. तुम्हाला स्मरणिका काढायचीय की इतिहास लिहायचाय? दोन्ही चांगल्या गोष्टी आहेत, पण वेगळ्या आहेत. स्मरणिकेत ज्यानं त्यानं आपापली आठवण लिहावी, शुभेच्छा असाव्यात, फोटो असावेत. इतिहासात मात्र वाचणाऱ्यानं ‘हे कशावरून?’ असं विचारलं तर उत्तर देता आलं पाहिजे. गटातल्या निम्म्या लोकांच्या मनात एक आहे आणि उरलेल्यांच्या मनात दुसरं, म्हणून प्रत्येक लेखावर वाद होतोय. माझं मत विचाराल तर एकाच पुस्तकाचे दोन भाग करा. पहिल्या भागात सलग इतिहास, एकाच लेखणीतून उतरलेला. दुसऱ्या भागात आठवणी, ज्याच्या त्याच्या नावानं आणि ज्याच्या त्याच्या भाषेत. पहिल्या भागासाठी सगळ्यांनी माहिती द्यायची, पण लिहिणारा माणूस एकच. वीस जणांनी मिळून लिहिलेल्या प्रकरणात वीस सूर लागतात आणि कुठलीच चूक कुणाची नसते.

आता ‘आमच्याच वेळी शाळा खरी होती’ याबद्दल. यावर चिडू नका, यात कुणी खोटं बोलत नाही. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे की चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या इतर काळापेक्षा साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षांदरम्यानच्या गोष्टी कितीतरी जास्त आणि ठळक आठवतात. शाळेची शेवटची वर्षं नेमकी त्यातच येतात. त्यामुळे प्रत्येक बॅचचा सुवर्णकाळ वेगळा असणारच. तुम्ही एवढंच करायचं की ‘शिस्त होती’ असं लिहून आलं की त्या व्यक्तीला फोन करून विचारायचं : म्हणजे रोज काय व्हायचं? घंटा कोण द्यायचं? उशीर झाला तर कुठे उभं करायचे? गृहपाठ केला नाही तर पुढे काय? सोनेरी दिवस हे विशेषण सगळ्यांचं सारखंच असतं, पण या प्रश्नांची उत्तरं दशकागणिक बदलतात. शाळा कशी बदलत गेली, ते या उत्तरांतून कळेल.

यापुढचं मात्र मला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय. तुमच्या गटात कोण आहे, याची यादी तुमच्याकडे असेल. कोण नाही, याची यादी करा. मधेच शाळा सोडून गेलेले गटात नसतात. नापास होऊन ज्यांची बॅच सुटली ते नसतात. लग्नानंतर नाव-आडनाव बदललेल्या, म्हणून कुणालाच न सापडलेल्या मुली नसतात. शिपाई, कारकून, प्रयोगशाळा सहायक, ग्रंथपाल नसतात. दोन वर्षं शिकवून दुसरीकडे गेलेले तरुण शिक्षक नसतात. शाळेत ज्यांचे दिवस वाईट गेले, ते तर आपणहून कधीच गटात येणार नाहीत. स्नेहसंमेलनाला जे हौसेनं येतात त्यांच्याच आठवणींवर इतिहास लिहिला, तर तो ज्यांचं चांगलं झालं त्यांचा इतिहास होतो. तुमचं पुस्तक एकसुरी वाटतंय ते मला वाटतं याचमुळे. लेख लिहिणाऱ्यांची भाषा कमी पडत नाहीये, माणसंच कमी पडतायत.

ही माणसं शोधायला शाळेतच एक वस्तू आहे : प्रवेशाचं जनरल रजिस्टर. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन दोघींनी मिळून बसा. प्रत्येक ओळीत प्रवेशाचा क्रमांक, तारीख, कुठल्या इयत्तेत दाखल झाला, कधी शाळा सोडली, आणि शेवटच्या रकान्यांत कुठेतरी शाळा सोडण्याचं कारण. तो कारणाचा रकाना सावकाश वाचा. ‘इयत्ता पूर्ण’, ‘पालकांची बदली’, ‘सतत गैरहजर’, ‘पालकांच्या विनंतीवरून’. एका वर्षी दाखल झालेल्या किती मुलांनी आणि किती मुलींनी शेवटचा वर्ग गाठला, हे दर पाच वर्षांनी मोजलंत तरी शाळेचा आणि भोवतालच्या समाजाचा असा आलेख हाती येईल, जो कुठल्याच भाषणात ऐकायला मिळत नाही. ही बेरीज छापा. नावं, जन्मतारखा, गुण, कुणी का शाळा सोडली, यातलं एका माणसापुरतं काहीही त्याला विचारल्याशिवाय छापू नका. रजिस्टर घरी नेऊ नका, तिथेच फोटो काढा आणि पानाचा क्रमांक फोटोत येईल असं बघा.

रजिस्टरबरोबर संस्थेच्या सभांची इतिवृत्तं, जमाखर्चाच्या वह्या, सूचना-वही, वार्षिक अंक आणि तपासणीचे अहवालही मागा. इतिवृत्तात ठराव असतो, जमाखर्चात तो ठराव अमलात आला की नाही ते असतं. प्रयोगशाळेचं उद्घाटन सगळ्यांना आठवतं. काचेची भांडी प्रत्यक्षात कधी विकत घेतली, ते पावतीच सांगते.

मुलाखतींना मात्र आजपासून लागा, आणि वयानं सर्वांत मोठ्या माणसापासून. लेख थांबू शकतात, या मुलाखती थांबू शकत नाहीत. लोकांच्या तोंडून इतिहास नोंदवून ठेवण्याला मौखिक इतिहास म्हणतात. 1948 साली अ‍ॅलन नेव्हिन्स या इतिहासकारानं कोलंबिया विद्यापीठात त्याचं रीतसर काम सुरू केलं आणि तेव्हापासून त्याच्या काही साध्या रीती पडल्या आहेत. बोलणं सुरू करण्याआधी रेकॉर्डिंगची परवानगी, आणि छापताना नाव घालायचं की नाही याचं लेखी उत्तर. सुरुवातीलाच आवाजात तारीख, ठिकाण, दोघांची नावं. आणि प्रश्न असा की उत्तर त्यात आधीच बसलेलं नसेल.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबते, कारण चांगल्या मुलाखती इथेच बिघडतात. 1974 साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी काही लोकांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली. पन्नास जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता? दुसऱ्या पन्नास जणांना आदळण्याऐवजी साधं ‘धडकल्या’ म्हणून विचारलं. आठवड्यानं सगळ्यांना विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तरी पहिल्या गटातले 16 जण हो म्हणाले, दुसऱ्यातले 7. प्रश्नातल्या एका क्रियापदानं आठवण बदलली! मग निवृत्त शिपायांच्या समोर बसून तुम्ही ‘काका, ते सर फार कडक होते ना?’ असं विचारलंत, तर काका मान डोलावतील आणि तुमचंच मत तुम्हाला परत मिळेल. त्याऐवजी ‘काका, शाळा उघडायला तुम्ही किती वाजता यायचात? मग पहिलं काम कोणतं?’ असं विचारा. सर त्या बोलण्यात आपोआप येतील, आणि कसे येतात ते बघायचं. काका गप्प झाले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. थांबा. बऱ्याचदा त्या शांततेमागूनच महत्त्वाचं काही येतं.

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवून काढायला चार-सहा तास सहज जातात, हे मनाशी धरूनच माणसं नेमा. तरुण बॅचमधल्या ज्यांना ‘आम्ही काय लिहिणार?’ असं वाटतं, त्यांना हे काम द्या. ज्येष्ठांचं बोलणं कानांनी ऐकत उतरवताना त्यांचं शाळेशी वेगळंच नातं जुळेल.

फोटोंचंही एक सांगते. घराघरांतून वर्गाचे सामूहिक फोटो येतील. ते चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील तर ओढून काढू नका, फाटतील, तसेच स्कॅन करा. लहान फोटो 600 डीपीआयवर (म्हणजे स्कॅनमध्ये दर इंचाला 600 ठिपके), मोठे 300 वर, आणि मागची बाजूही, कारण पेन्सिलनं लिहिलेलं वर्ष आणि स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मग फोटोच्या प्रतीवर प्रत्येक चेहऱ्याला क्रमांक घालून ती तीन वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी पाठवा, एकाचं उत्तर दुसऱ्याला न दाखवता. गटावर टाकलंत की पहिल्यानं सांगितलेलं नाव सगळे उचलून धरतात. तिघांचं जमलं तर नाव पक्कं, दोघांचं जमलं तर कंसात प्रश्नचिन्ह, नाहीतर ‘ओळख पटलेली नाही’ असं सरळ छापा. वर्षाबद्दल शंका असेल तर चेहऱ्यांच्या मागे बघा : दुसरा मजला चढलाय का, कुंपणाची भिंत आहे की तार, पाटीवर शाळेचं नाव कोणतं आहे. आणि फोटोत कोण आहे यावर त्याचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, ठरत नाही. साधारणपणे तो फोटो काढणाऱ्याचा असतो. कॉपीराइटबद्दलच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार फोटोला तो काढल्यापासून किमान 25 वर्षं संरक्षण असतं आणि बऱ्याच देशांत मुदत त्याहून जास्त आहे. छायाचित्रकार किंवा त्यांचे वारस सापडत असतील तर दोन ओळींची लेखी परवानगी घ्या, त्यांचं नाव फोटोखाली द्या.

आता त्या काढून टाकलेल्या मुलांचं. तुमच्या गटात ‘घ्या’ म्हणणारे आणि ‘नको’ म्हणणारे असे दोन तट आहेत. पण ज्यांना काढलं होतं त्यांना कुणी विचारलंय का? तुमच्या पत्रात तसं कुठे दिसलं नाही. पहिला शब्द त्यांचा. त्यांना शोधा, गटावर नाही, एकट्यानं भेटा. तुमच्याबद्दल पुस्तकात यावं असं तुम्हाला वाटतं का? नावानिशी की नावाशिवाय? काय झालं ते तुम्ही स्वतःच्या शब्दांत सांगाल का? कुणी नाही म्हणालं तर त्यांचं नाव आणि त्यांची ओळख पटेल असं काहीही येणार नाही, हा शब्द द्या आणि पाळा.

पण प्रकरणच गाळू नका. तेवढी पानं कोरी राहिली तरी वाचणाऱ्याला कळतं, आणि मग बाकीच्या पुस्तकावरचाही त्याचा विश्वास जातो. इतिवृत्तात काय ठराव झाला, सूचना-वहीत काय लिहिलंय, किती जणांचे दाखले एकाच तारखेला दिले गेले, हे कागदावरचं आधी सांगा. मग त्या मुलांची बाजू, मग त्या वेळच्या शिक्षकांची बाजू. कुणाच्या मनात काय होतं याचे तर्क करू नका. ‘सरांनी सूडानं केलं’ आणि ‘सरांनी शाळेच्या भल्यासाठी केलं’ ही दोन्ही वाक्यं कागदावरून सिद्ध होत नाहीत, दोन्ही काढा. मुख्याध्यापक हयात असतील तर त्यांच्याशी बोला, नसतील तर घरच्यांना तो मजकूर छापण्याआधी दाखवा. दाखवताना स्पष्ट सांगा की माहितीत चूक असेल तर आम्ही दुरुस्त करू, आणि तुमचं म्हणणं वेगळं असेल तर तेही छापू. मजकूर राहायचा की नाही, हे मात्र त्यांच्या हाती देऊ नका. तुम्ही म्हणता ते सर अनेकांना आवडायचे. आवडणाऱ्यांच्या आठवणीही त्याच प्रकरणात असू देत. एकाच माणसानं कुणाला घडवलं आणि कुणाला दुखावलं, हे एका पानावर वाचायची ताकद तुमच्या शाळासोबत्यांमध्ये असेल असं मला वाटतं.

देणगीदारांचं उत्तर सोपं आहे, फक्त ते आधी लिहून ठेवायला हवं. ‘देणगीचा मजकुरावर परिणाम होणार नाही, सर्व देणगीदारांची नावं शेवटच्या पानावर अकारविल्हे येतील, रक्कम येणार नाही’ एवढं एक पान सगळ्यांच्या सहीनं करा आणि यापुढचा प्रत्येक पैसा ते पान दाखवूनच घ्या. त्यांच्या वडिलांनी शाळेसाठी खरंच काही केलं असेल तर ते इतिवृत्तात असेलच आणि तेवढं इतिहासात येईलच. हे त्यांना तुम्हीच समोर बसून सांगा, मोबाइलवर मेसेज टाकून नाही. वडिलांची आठवण त्यांनी दुसऱ्या भागात जरूर लिहावी, इतरांइतक्याच शब्दांत.

रुसव्यांवरचा उपायही शब्दमर्यादा हाच. आठवणीसाठी 400 शब्द, सगळ्यांना सारखे, निवृत्त मुख्याध्यापकांपासून कालच्या मुलीपर्यंत. काटछाट लेखकाला दाखवून करा, पण मुदत द्या : आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर मान्य समजू. जे लेख बसणार नाहीत ते मूळ रूपात, एक शब्द न बदलता, मुलाखती आणि स्कॅनसह शाळेच्या संग्रहात ठेवा आणि लेखकाला तसं पत्रानं कळवा. लेख नाकारला म्हटल्यावर माणूस दुखावतो. तो पन्नास वर्षांनीही कुणाला वाचता येईल असा जपून ठेवला, म्हटल्यावर बहुतेक जण शांत होतात. संग्रहाच्या तीन प्रती करा, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यातली एक शाळेबाहेर.

छपाईबद्दल थोडक्यात. लेख जुन्या फॉण्टमध्ये टाइप होऊन आले असतील तर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात, तेव्हा मुद्रितशोधनाला एक जादा फेरी धरा. पानं सोळाच्या फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या संचात, बसतील असं बघा. प्रती किती छापायच्या हे आगाऊ नोंदणी झाल्यावरच ठरवा. मागणी शे-दीडशेची असेल तर डिजिटल छपाई, बरीच जास्त असेल तर ऑफसेट. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, घ्या, म्हणजे ग्रंथालयांना नोंद करणं सोपं जाईल. आणि काहीही झालं तरी शेवटी नामसूची द्या. असं पुस्तक हातात आलं की माणूस आधी आपलं आणि आपल्या बाईंचं नाव शोधतो, आणि पन्नास वर्षांनी कुणी अभ्यासक आला तर तोही तिथूनच सुरुवात करेल.

मैत्रीचं तुम्ही विचारलंत. एकटीनं निर्णय घेतलेत तर प्रत्येक नकार तुमचा ठरेल. वेगवेगळ्या दशकांतले तिघे आणि ज्यांचा या शाळेशी संबंध नाही असा एक जाणता वाचक, असे चौघे सोबत घ्या. नियम चौघांच्या नावानं जाऊ देत, लेखणी तुमच्याकडे राहू दे. आज रात्री गटावर एवढंच टाका :

‘मित्रमैत्रिणींनो, आपल्या पुस्तकाचे दोन भाग असतील. पहिल्यात कागदपत्रं आणि मुलाखतींवरून लिहिलेला शाळेचा इतिहास, दुसऱ्यात 400 शब्दांपर्यंतच्या आठवणी. पुढचे दोन महिने लेख पाठवू नका. त्याऐवजी प्रत्येकानं एक नाव आणि फोन नंबर मला वैयक्तिक पाठवा : आपल्यासोबत शाळेत होती, पण या गटात नाही, अशी एक व्यक्ती. विद्यार्थी, शिक्षक, शिपाई, कुणीही. ज्यांचा नंबर द्यायचा, त्यांना आधी विचारून मगच द्या.’

पहिली दहा नावं आली की त्यातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करा.